स्मृतीचे संशोधन आणि आपण वैद्य

इ. स. २००० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक चेतासंस्थेतील संकेतवहनाविषयीच्या संशोधनासाठी तिघांना विभागून देण्यात आले. स्वीडनचे आर्विद कार्लसन, अमेरिकेचे पॉल ग्रीनगार्ड आणि मूळचे व्हिएन्नाचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले एरिक कँडेल हे ते तीन शास्त्रज्ञ. यांपैकी कँडेल यांचे कार्य स्मृती या विषयाशी थेट निगडित असल्यामुळे आपल्या परिषदांमध्ये आणि स्मरणिकांमध्ये त्याचा उल्लेख अधूनमधून होत असतो. मात्र त्या उल्लेखांचे स्वरूप बहुधा दोनच प्रकारचे असते. एक वर्ग म्हणतो, ‘हे सारे आमच्या संहितांमध्ये आधीच सांगितलेले आहे.’ दुसरा वर्ग म्हणतो, ‘गोगलगाईच्या चेतापेशींवरून मनुष्याच्या बुद्धी-स्मृतीचा ठाव कसा लागणार?’ या दोन्ही भूमिकांमुळे मूळ संशोधन समजून घेण्याचे कष्ट वाचतात. पण त्यात आपल्या शास्त्राचे आणि आपल्या रुग्णांचे हित नाही, असे माझे मत आहे. ते सकारण मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम संशोधनाविषयी. कँडेल यांचा जन्म १९२९ सालचा. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि १९३९ मध्ये हे ज्यू बालक देशत्याग करून न्यूयॉर्कला पोहोचले. व्हिएन्नातील त्या शेवटच्या वर्षाच्या पुसल्या न जाणाऱ्या आठवणींतूनच स्मृतीविषयीचे आपले कुतूहल निर्माण झाले, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. विद्यापीठात त्यांनी इतिहास आणि साहित्य हे विषय घेतले. मनोविश्लेषक होण्याच्या इच्छेने ते वैद्यकाकडे वळले आणि तेथून मेंदूच्या प्रयोगशाळेत आले.

त्या काळात स्मृतीच्या अभ्यासाला एका रुग्णामुळे मोठी चालना मिळाली होती. १९५३ साली अपस्मारावरील उपाय म्हणून एका तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस व त्यालगतचा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. झटके कमी झाले. परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट तो मनात टिकवू शकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा काटेकोर अभ्यास करून १९५७ मध्ये तो प्रसिद्ध केला. साहजिकच कँडेल यांनीही प्रथम हिप्पोकॅम्पसच्याच पेशींचे विद्युत्-संकेत नोंदवले. त्यांना असे आढळले की, या पेशींचे संकेत इतर चेतापेशींहून मूलतः वेगळे नाहीत. तेव्हा स्मृतीचे रहस्य एकेकट्या पेशीत नसून पेशी परस्परांशी जेथे जोडल्या जातात तेथे, म्हणजे सिनॅप्समध्ये असले पाहिजे, या विचाराकडे ते वळले.

हा विचार सर्वस्वी नवा नव्हता. स्पेनचे रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तशी कल्पना मांडली होती आणि १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी ती अधिक नेमकेपणाने मांडली. उणीव होती ती पुराव्याची. तो मिळवण्यासाठी कँडेल यांनी मनुष्य, माकड किंवा उंदीर न निवडता ॲप्लिसिया ही समुद्री गोगलगाय निवडली. अनेक ज्येष्ठांना हा निर्णय आत्मघातकी वाटला होता. परंतु मनुष्याच्या मेंदूत हजारो कोटी चेतापेशी असतात, तर या प्राण्यात सुमारे वीस हजार; आणि त्यांतील काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतक्या मोठ्या. कोणती पेशी कोणत्या पेशीशी जोडलेली आहे, हे एकेक करून पाहणे येथे शक्य होते.

या प्राण्याच्या नलिकेला हलका स्पर्श केला की तो आपला कल्ला आत ओढून घेतो. स्पर्श वारंवार होत राहिला आणि त्यापासून अपाय झाला नाही, तर ही प्रतिक्रिया मंदावते. याउलट शेपटीला विजेचा झटका दिल्यास पुढच्या हलक्या स्पर्शालाही तो जोराने प्रतिसाद देतो. हे त्याचे शिकणेच होय. लागोपाठ चाळीस स्पर्श एकाच बैठकीत केले, तर शिकलेले फार टिकत नाही. परंतु रोज दहा याप्रमाणे चार दिवस स्पर्श केले, तर ते काही आठवडे टिकते. एकूण संख्या तीच, अंतर वेगळे. आणि परिणामही वेगळा.

यामागील पेशीगत कारण शोधण्यास पुढील कित्येक वर्षे लागली. झटक्यानंतर सिरोटोनिन स्रवते. त्यामुळे संवेदी चेतापेशीत चक्रीय एएमपी नावाचा संदेशवाहक वाढतो, तो एका प्रथिनाला (पीकेए) कार्यान्वित करतो आणि परिणामी पुढील पेशीकडे अधिक रासायनिक संदेश सोडला जातो. ही झाली अल्पकालीन स्मृती. येथे नवीन काही बांधले जात नाही. जे आहे तेच काही काळ अधिक प्रभावी होते. मात्र उत्तेजना योग्य अंतराने पुनःपुन्हा मिळाली, तर तेच प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरते, क्रेब नावाच्या नियंत्रक प्रथिनाच्या द्वारे विशिष्ट जनुके कार्यान्वित होतात, नवीन प्रथिने तयार होतात आणि नवीन सिनॅप्स निर्माण होतात. दीर्घकालीन शिक्षणानंतर संवेदी पेशीच्या सिनॅप्सची संख्या सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. प्रथिननिर्मिती रोखणारे द्रव्य दिल्यास अल्पकालीन स्मृती राहते, दीर्घकालीन बनत नाही. म्हणजेच दीर्घकालीन स्मृती ही शब्दशः शरीरात घडणारी रचना आहे.

‘गोगलगाईवरून काय कळणार’ या आक्षेपाचे उत्तरही येथेच द्यावयास हवे. सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७६ साली शिकू न शकणाऱ्या फळमाश्यांचा एक प्रकार सापडला. त्यांच्यातील दोष याच चक्रीय एएमपीच्या विघटनाशी संबंधित असल्याचे पुढे सिद्ध झाले. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्येही हीच साखळी कार्य करते, हे स्वतः कँडेल यांच्यासह अनेकांनी दाखवले. तीन भिन्न प्राण्यांमध्ये, भिन्न पद्धतींनी तेच उत्तर मिळत असेल, तर ते योगायोगाचे मानता येणार नाही. अर्थात, यावरून आईचा चेहरा आठवणे म्हणजे नेमके काय, हे समजले असे नव्हे. तसा कँडेल यांचाही दावा नाही.

आता पहिल्या भूमिकेकडे वळू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, कतिधापुरुषीय अध्यायात, स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रवण. यांतील अभ्यास आणि पुनःश्रवण वाचल्यावर ॲप्लिसियाच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आचार्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु अभ्यासाने स्मृती दृढ होते हे जाणणे ही एक गोष्ट आणि ती कोणत्या द्रव्याने, कोणत्या पेशीत, किती अंतराने व किती प्रमाणात दृढ होते हे दाखवणे ही दुसरी गोष्ट होय. पहिलीला दुसरी म्हणणे हा आचार्यांचा गौरव नाही. आपल्या प्रमाणविचारातच आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. एकाच्या जागी दुसरे चालेल असे चरकांनी कोठेही म्हटलेले नाही.

याहून अधिक चिंता वाटते ती समीकरणांची. साधक पित्त म्हणजे सिरोटोनिन, तर्पक कफ म्हणजे मस्तिष्कद्रव, प्राणवायू म्हणजे विद्युत्-संकेत, अशी कोष्टके विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि काही व्याख्यानांतही आढळतात. या कोष्टकांपासून एकही नवीन गोष्ट सांगता येत नाही, एकही चिकित्सा बदलत नाही. हानी मात्र होते. सिरोटोनिन हे एक रसायन आहे. मेंदूत ते अनेक कामे करते आणि आतड्यात तर मेंदूपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळते. त्याविषयीची मते गेल्या काही दशकांत अनेकदा बदलली आहेत आणि पुढेही बदलतील. दोषांची संकल्पना कार्य, गुण आणि हेतू यांवर उभी आहे. ती जर आज एका रेणूला बांधून टाकली, तर उद्या त्या रेणूविषयीचे मत बदलताच आपले शास्त्रही चुकीचे ठरले, असे म्हणण्याची सोय आपणच करून ठेवतो. संहिताकारांमध्येही एकवाक्यता नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. चेतनेचे मुख्य स्थान चरकांनी हृदय मानले; भेलसंहितेत मनाचे स्थान शिर आणि टाळू यांच्या मध्ये सांगितले आहे. मतभेद नोंदवून ठेवण्याइतके ते प्रामाणिक होते. आपणही तितके असावे.

‘आमच्याकडे होतेच’ या वाक्याची खरी किंमत कळावयाची असेल, तर त्याच नोबेल पारितोषिकातील दुसरे मानकरी कार्लसन यांचे कार्य पाहावे. १९५७ साली त्यांनी प्राण्यांना रिसर्पिन दिले. प्राणी निश्चेष्ट झाले. नंतर त्यांना लेव्होडोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. या प्रयोगातूनच डोपामिन हा मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे आणि कंपवातात त्याची उणीव असल्याचे ज्ञान पुढे विकसित झाले. आता यातील दोन द्रव्ये पाहा. रिसर्पिन हे सर्पगंधेतील द्रव्य. सर्पगंधेचा रक्तदाबावरील आणि उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपल्या नोंदी मांडल्या आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यापासून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. दुसरे द्रव्य लेव्होडोपा. कपिकच्छूच्या बीजांतून ते दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच वेगळे केले होते. कंपवाताच्या रुग्णांवर त्याचा उपयोग सुरू झाला तो १९६१ च्या सुमारास, व्हिएन्नामध्ये.

दोन्ही वनस्पती आपल्या. कपिकच्छू तर वृष्य म्हणून आणि माषबलादि क्वाथाचा घटक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाताखालून गेलेली. तरीही ‘सर्पगंधेने प्राणी निश्चेष्ट का होतो?’ हा प्रश्न दुसऱ्यांनी विचारला. जेथे सेन, बोस आणि वकील यांच्यासारख्यांनी निरीक्षण लिहून प्रसिद्ध केले, तेथे त्यावर पुढची इमारत उभी राहिली. जे अनुभव वैद्यांच्या चिकित्सालयातच राहिले, ते त्यांच्याबरोबरच संपले. आपल्याकडे द्रव्य होते, अनुभवही होता. नोंद आणि प्रश्न यांची वाण होती.

मेध्य द्रव्यांच्या बाबतीत हीच उणीव आजही कायम आहे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या रसायनाध्यायात मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधु चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत. प्रत्येकाची कल्पना वेगळी आहे, हे लक्षणीय होय. प्रत्यक्षात आपण काय देतो? उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे शंखपुष्पी या नावाखाली तीन निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. केरळात तर गोकर्णीला शंखपुष्पी मानतात. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांची नावे परस्परांसाठी सर्रास वापरली जातात, आणि एकाच दुकानातील दोन पुड्यांत दोन भिन्न वनस्पती निघू शकतात. वनस्पतीची ओळखच निश्चित नसेल, तर गुण आला म्हणून कोणाचे श्रेय आणि न आला म्हणून कोणाचा दोष?

याउलट, जेथे ओळख, मात्रा आणि कालावधी निश्चित करून काम झाले, तेथे उपयुक्त उत्तरे मिळाली आहेत. ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयोगटातील ७६ व्यक्तींवर ब्राह्मीचा तीन महिने अभ्यास करण्यात आला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने शिकलेल्या गोष्टी विसरण्याचे प्रमाण ब्राह्मीमुळे कमी झाले. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. मणिपाल येथील संशोधकांनी उंदरांच्या वाढत्या पिल्लांना मंडूकपर्णीच्या ताज्या पानांचा स्वरस दिला, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा अधिक विस्तारलेल्या आढळल्या. हा परिणाम अधिक मात्रेत आणि अधिक आठवडे दिल्यावर ठळक होता. उंदरातील निष्कर्ष मनुष्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण स्वरस ही कल्पना आणि दीर्घकाल सेवन ही रसायनाची अट, या दोन्ही गोष्टी तपासण्याजोग्या आहेत, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ‘स्मरणशक्ती वाढते’ या मोघम विधानापेक्षा ‘धारणा सुधारते, ग्रहणाचा वेग तोच राहतो’ हे विधान वैद्याला कितीतरी अधिक उपयोगी आहे. आणि धी व स्मृती यांत भेद करणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकाला तर ते विशेष विचारप्रवर्तक वाटावे.

व्यवहारात याचा अर्थ काय? दहावी-बारावीच्या परीक्षा महिन्यावर आल्या की पालक मुलाला घेऊन येतात आणि बुद्धिवर्धक औषध मागतात. त्यांना सिरपची बाटली देणे सोपे आहे. परंतु ज्या औषधाचा परिणाम दिसण्यास अभ्यासात तीन महिने लागले, ते पंधरा दिवसांत चमत्कार करील असे सुचवणे प्रामाणिकपणाचे नाही. त्या मुलाला एका रात्रीत चाळीस पाने वाचण्याऐवजी रोज दहा याप्रमाणे चार दिवस वाचावयास सांगणे, झोप न मोडण्याचा आग्रह धरणे आणि मन अन्यत्र असताना वाचलेले टिकत नाही हे समजावणे, हे सत्त्वानुबंध, अभ्यास आणि पुनःश्रवण यांचेच उपयोजन आहे. आणि सिनॅप्सचे संशोधनही त्याच दिशेने बोट दाखवते. येथे दोन्ही शास्त्रांचा मेळ बसतो, तोही कोणत्याही समीकरणाविना.

वृद्धांच्या विस्मरणात जबाबदारी याहूनही मोठी आहे. सत्तरीचा रुग्ण अलीकडेच विसरू लागला असेल, तर मेध्य रसायन लिहिण्यापूर्वी अवटु ग्रंथीचे कार्य, बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी, मद्यसेवन, विषाद, झोपेच्या गोळ्या आणि डोक्याला झालेली इजा यांची चौकशी झालीच पाहिजे. काही आठवड्यांपूर्वी पडल्यानंतर मेंदूवर हळूहळू रक्त साचून विस्मरण होत असेल, तर त्यावर तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय. तेथे आपले घृत देत राहणे म्हणजे कालहरण होय. तसेच जो रुग्ण कंपवातासाठी लेव्होडोपा घेत आहे, त्याला कपिकच्छू दिल्यास तेच द्रव्य दोन मार्गांनी पोटात जाते आणि मात्रेचे गणित बिघडते. सर्पगंधेने काही रुग्णांत उदासीनता व कंपवातसदृश लक्षणे उद्भवल्याच्या नोंदी आहेत. या गोष्टी कार्लसन यांचे संशोधन वाचणाऱ्या वैद्याला चटकन लक्षात येतात. आधुनिक ज्ञान आपल्याला परके नाही. ते रुग्णाच्या सुरक्षेचे साधन आहे.

म्हणून आपल्या संघटनेपुढे एक सूचना ठेवतो. त्यासाठी प्रयोगशाळा अथवा अनुदान लागत नाही. मेध्य चिकित्सा घेणाऱ्या रुग्णांसाठी सर्व सभासदांनी वापरावे असे एक समान नोंदपत्रक तयार करावे. त्यात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिची खात्री कोणी व कशी केली, कल्पना, मात्रा, अनुपान, कालावधी, रुग्णाची प्रकृती व अग्नी आणि चालू असलेली अन्य औषधे यांचा समावेश असावा. चिकित्सेपूर्वी आणि बारा आठवड्यांनंतर एकच सोपी चाचणी घ्यावी. उदाहरणार्थ, दहा मराठी शब्दांची यादी सांगून लगेच किती आठवले आणि अर्ध्या तासाने किती आठवले, ते लिहावे. दुसऱ्या वेळी तितक्याच सोप्या परंतु वेगळ्या शब्दांची यादी घ्यावी. चाचणी घेणारी व्यक्ती शक्यतो औषध देणाऱ्याहून निराळी असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांना गुण आला नाही आणि ज्यांनी चिकित्सा मध्येच सोडली, त्यांचीही नोंद वगळू नये. अशा नोंदींनी काही सिद्ध होईल असे नाही, कारण तुलनेसाठी औषध न घेणारा गट येथे नसेल. पण कोणता प्रश्न पुढे रीतसर तपासण्याजोगा आहे, हे त्यांतून निश्चित ठरवता येईल. आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून चांगली सामग्री कोणती मिळणार?

चरकांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : मैत्रीभावाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा. मेंदूविज्ञानाशी आपला संवाद बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा राहिला आहे. तोही समोर प्रतिपक्ष नसताना, आपल्याच सभागृहात. संधाय संभाषेसाठी दोन गोष्टी लागतात : समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकण्याची तयारी, आणि आपले म्हणणे तपासता येईल अशा शब्दांत मांडण्याचे धैर्य. एका समुद्री गोगलगाईच्या एका प्रतिक्रियेवर कँडेल यांनी कित्येक वर्षे खर्च केली. आपल्याकडे एका मंडूकपर्णीवर, एका कल्पनेत, एका प्रश्नासाठी सलग पाच वर्षे देणारे वीस वैद्य निघाले, तरी या विषयात जगाला काही नवे सांगण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. संघटनेच्या येत्या कार्यकारिणी सभेत या नोंदपत्रकाचा विचार व्हावा, अशी विनंती आहे.